चोळण्याचे चार गुण

३ जून, सोमवार

अखेर गळ्यात पडलंच! नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मूलभूत कौशल्यांचा अभ्यासक्रम नव्याने लिहायचा आहे. मुदत पाच जुलै. "तुमच्याशिवाय कोण करणार?" — प्राचार्या. प्रत्येक नकोशा कामाआधी त्या हेच म्हणतात आणि मी प्रत्येक वेळी फुगते. आजही फुगलेच.

जुनी फाइल कपाटाच्या तळातून काढली. एकतीस वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी लिहिलेली. टाइप केलेली पानं, कडेला त्यांच्या बारीक अक्षरातल्या सूचना. मी तेव्हा त्यांच्याच वर्गात होते. त्या अक्षराची अजून धास्ती वाटते — पान उलटायच्या आधी हात धुवावेत की काय!

मदतीला नवी ट्यूटर दिली आहे. येऊन सहा महिने झाले. हुशार आहे, भराभरा चालते, आणि काहीही सांगा, विचारते, "याला पुरावा काय?" पाणी उकळलं की वाफ येते म्हणा — पुरावा काय! मी मनातल्या मनात तिचं नाव पुरावाच ठेवून टाकलंय. एखाद्या दिवशी तोंडातून निघणार आणि फजिती होणार.

४ जून, मंगळवार

जुन्या यादीत चौसष्ट कौशल्यं. हातात तास एकशे वीस. दिवसभर नुसती काटछाट.

काचेच्या सिरिंज उकळणे — गेलं. मोहरीचा लेप — गेला. रबरी हातमोजे धुऊन, वाळवून, पावडर लावून त्यांच्या जोड्या लावणे — गेलं. (यात माझा पहिला नंबर आला होता! पुरावाला सांगितलं तर म्हणाली, "मोजे धुवायचे? परत वापरायचे?" आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दगडी हत्यारं वापरणाऱ्या काळातून आले असावे.)

राहिलं ते राहिलं. हात धुणे. अंथरूण घालणे — रिकामं आणि पेशंटसकट. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब. अंग पुसून घेणे. तोंडाची स्वच्छता. पाठीची काळजी. कूस बदलणे. भरवणे. बेडपॅन देणे. उठवून खुर्चीत बसवणे. बघितलं तर घरोघरी बायका हे जन्मभर करत आल्या आहेत. आणि तरी शिकवायला गेलं की प्रत्येकाच्या वीस-वीस पायऱ्या होतात.

६ जून, गुरुवार

लॅबमध्ये सराव होता. आमचा सरावाचा पुतळा फार वर्षांचा आहे. मुलं त्याला आत्याबाई म्हणतात. एक हात खांद्यातून निखळतो, मुली "सॉरी हं आत्याबाई" म्हणत परत बसवतात. कुणी पुतळ्याला सॉरी म्हणालं की मी मनात तिला एक गुण जास्त देते.

आज मात्र कमाल झाली. नाडी-श्वासाची नोंद करायची होती, एकमेकांची. एका मुलीला जोडीदार मिळाली नाही म्हणून ती आत्याबाईजवळ बसली. वही तपासायला घेतली तर — नाडी ७२, श्वास २०. आत्याबाईंचा श्वास वीस! "मोजलास?" "हो मॅडम." "पूर्ण एक मिनिट?" "हो मॅडम." मी भडकले. भरपूर बोलले. मग त्या प्लास्टिकच्या छातीकडे लक्ष गेलं आणि मलाच हसू फुटलं. सगळा वर्ग हसला, ती पण. आता वर्गात तिचं नाव श्वासवाली पडलंय. जन्मभर चिकटणार.

पण यातलं हसणं सोडलं तर गोष्ट वाईट आहे. न मोजता लिहायला ती कुठे शिकली? पहिल्या महिन्यात? श्वासाला पूर्ण मिनिट द्यायचं हे अभ्यासक्रमात जाड अक्षरात घालणार.

९ जून, रविवार

मोठ्या बाईंकडे जाऊन आले. फेब्रुवारीत पडल्यापासून त्या अंथरुणातच आहेत. वय शहाऐंशी. भाची बघते सगळं, आणि नीट बघते. खोली लख्ख. खिडकीकडे तोंड करून पलंग.

"वजन वाढवलंस," हे पहिलं वाक्य. मग, "नाडी बघ माझी, बघू विसरलीस का." बघितली. पूर्ण मिनिट. मी आकडा सांगितल्यावर म्हणाल्या, "चार कमी सांगतेस." शहाऐंशी वर्षांची बाई स्वतःची नाडी मनात मोजत पडली होती!

नव्या अभ्यासक्रमाचं सांगितलं. काय काढलं, काय ठेवलं. मोज्यांचं ऐकून हसल्या. मी म्हटलं, "पाठीची काळजी मात्र तुमचीच, बाई. त्या पानाला हात लावणार नाही."

ते पान म्हणजे बाईंची ओळखच आहे. सकाळी वर्ग घ्यायच्या, दुपारी बायकांचा वॉर्ड चालवायच्या. त्यांच्या वॉर्डात महिनोन्‌महिने पडून असलेल्या पेशंटच्या पाठीलासुद्धा कधी जखम झाली नाही. लांबून लोक बघायला यायचे. आणि पद्धत किती साधी: गरम पाण्याने पुसा, तळहातावर स्पिरिट घ्या, हाडं टेकतात तिथे पाच मिनिटं गोल गोल चोळा, लाल दिसलं तर आणखी चोळा, वर पावडर. दिवसातून चार वेळा. मी चोवीस वर्षं हेच शिकवत आले.

बाई म्हणाल्या, "जसंच्या तसं कशाला? तुझं तू बघ की." किती मोठं मन! नाहीतर आमच्याकडे लोक आपण रंगवलेला तक्ता दुसऱ्याला भिंतीवरून हलवूही देत नाहीत.

११ जून, मंगळवार

पुरावाशी वाजलं.

ती कागद घेऊन आली, खुर्ची ओढली, म्हणाली, "मॅडम, पाठीच्या पानातलं चोळणं काढायला हवं."

"का?"

"त्याने नुकसान होतं. लाल झालेल्या जागी तर चोळूच नये. स्पिरिटने कातडी कोरडी पडते ते वेगळंच."

मी म्हटलं, माझ्या हाताखालून चौदाशे मुली शिकून गेल्या. सगळ्यांनी चोळलं.

"तेच तर," ती म्हणाली.

तेच तर! माझ्या तोंडावर! चहा अर्धा टाकून उठले. तिने कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि वर पेपरवेट ठेवला. मी उडवून देईन असं वाटलं असावं.

१२ जून, बुधवार

ते कागद वाचले. स्टाफरूममध्ये, समोर वेळापत्रक धरून, म्हणजे तिला कळू नये. तिला कळलं असणार. ती मुद्दाम खिडकीतून बाहेर बघत होती.

वाचायला फार वेळ लागला नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेंगरतं, रक्त पोचत नाही. वर लाली दिसते तेव्हा आत मोडतोड सुरू झालेली असते. अशा जागी चोळलं की आतलं आणखी तुटतं. बोट दाबून बघा: पांढरं होऊन परत लाल झालं तर वेळ आहे, लालच राहिलं तर आत बिघडलंय. दोन्ही वेळा उपाय एकच — त्या जागेवरचा भार काढा. कूस बदला. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी ठेवा. चोळू नका.

हे कालचं संशोधनही नाही. कैक वर्षांचं आहे. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

१३ जून, गुरुवार

आज लिहिवत नाही.

१४ जून, शुक्रवार

लिहिलंच पाहिजे. नाहीतर ते डोक्यात फिरत राहील.

नऊ वर्षांपूर्वी सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या. सात महिने. मी रजा काढली. नणंदा म्हणायच्या, आमच्या आईचं नशीब, घरातच नर्स! मी दिवसातून चार वेळा त्यांची पाठ चोळायचे. एकही पाळी चुकवली नाही. पाचव्या महिन्यात माकडहाडावर लाल डाग दिसला, रुपयाएवढा. मी काय केलं? बाईंच्या पानात होतं ते. आणखी चोळलं. चाराच्या सहा वेळा केल्या. त्या कण्हायच्या. मी म्हणायचे, "आई, थोडं सहन करा, रक्त फिरायला पाहिजे." तीन आठवड्यांनी ती जागा फुटली. नंतर आत हाड दिसायला लागलं. शेवटी ताप त्या जखमेतूनच आला.

चोळल्यामुळेच झालं का? ठामपणे नाही सांगता येणार. त्या जेवत नव्हत्या, अंगावर मांस नव्हतं, वय होतं. हे सगळं खरं आहे आणि मी परवापासून हे सगळं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतेय. पण लाल जागेवर सहा वेळा चोळलं ते माझ्याच हातांनी. तेही खरंच.

लोक अजून म्हणतात, सुनेने लेकीसारखं केलं.

१६ जून, रविवार

बाईंकडे गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून भाचीला फोन केला. कुठल्या तोंडाने जाऊ? तुमचं पान चुकीचं आहे हे अंथरुणावरच्या शहाऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचं? आणि नाही सांगायचं तर तिथे बसून काय करायचं, वजनाच्या गप्पा?

हे आज जेवताना म्हणाले, "चार दिवस झाले, तुझं ताटात लक्ष नाही." मी म्हटलं, अभ्यासक्रम. ते म्हणाले, "तू अभ्यासक्रमच कशाला लिहितेस? आईचं केलंस त्याची एक फिल्म काढायला हवी होती, तीच दाखवायची." मनापासून म्हणाले. मी उठून भांडी घासायला घेतली. माझी पाळी नसताना.

१८ जून, मंगळवार

वॉर्डात गेले. स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून. तिथली इन्चार्ज माझी जुनी विद्यार्थिनी, आता चष्मा, पिकले केस, माझ्याहून भारी दरारा. विचारलं, पाठी चोळता का?

"मॅडम, चोळणं आम्ही कधीच सोडलं. दोन-दोन तासांनी कूस बदलतो. स्पिरिटची बाटली वर्षातून एकदा काढतो, प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी. बाहेरचे परीक्षक येतात ना."

"मग मुलींना काय सांगता?"

"सांगतो, परीक्षेची पद्धत वेगळी, वॉर्डची वेगळी. मॅडमना काही बोलू नका."

मॅडमना म्हणजे मला! सगळ्या इमारतीला माहीत. मी बारा वर्षं वॉर्डची ड्यूटी केलेली नाही, मला कोण सांगणार? मुली खालच्या मजल्यावर माझ्यासमोर चोळायच्या आणि वरच्या मजल्यावर विसरायच्या. लाजेने कान गरम झाले. इन्चार्जने चहा विचारला. प्याले. चांगला होता.

वाटलं, चला, निदान कुणाचं नुकसान तर होत नाहीये.

२० जून, गुरुवार

होतंय.

वर्ग सुटल्यावर श्वासवाली थांबली. वही तपासून घ्यायला. आता श्वास खरे मोजते — एकोणीस, सतरा, एकवीस, असे ओबडधोबड आकडे. मला बरं वाटलं, तसं म्हटलं. तर खुलून सांगायला लागली: "मॅडम, आमचे आजोबा दोन महिने झोपूनच आहेत. मी रोज तीन वेळा त्यांची पाठ करते. तुम्ही पहिल्या आठवड्यात दाखवलंत ना, तश्शी. आता कमरेवर जरा लाल आलंय, म्हणून काल पाच वेळा केली."

तिला तिथेच कॉरिडॉरमध्ये भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं: आज घरी गेलीस की स्पिरिट टाकून दे. चोळू नकोस. कूस बदल, घड्याळ लावून. पाठीमागे उशी देऊन तिरपं ठेव. त्या जागेवर भार नको. बोट दाबून बघ आणि उद्या मला सांग.

ती वहीत लिहून घेत होती. मग थांबली. "पण तुम्हीच तर—"

"मी चुकीचं शिकवलं."

चोवीस वर्षांत हे वाक्य विद्यार्थ्यासमोर पहिल्यांदा तोंडातून निघालं. आभाळ वगैरे काही कोसळलं नाही. तिने मान हलवली आणि विचारलं, "मग परीक्षेत?"



२१ जून, शुक्रवार

आजोबांची जागा दाबली की पांढरी होते. म्हणजे वेळ आहे. देवाची कृपा, आणि त्या मुलीच्या बडबडीची.

पुरावाला आपण होऊन सांगितलं, "तुझं बरोबर होतं." मला वाटलं ती आता मिरवेल. तर तिचेच डोळे भरून आले. म्हणाली, "मॅडम, मी त्या दिवशी 'तेच तर' म्हणाले, ते मला फार लागून राहिलंय." वेडी! दोघींनी मिळून नवं पान लिहायला घेतलं.

२५ जून, मंगळवार

प्राचार्यांसमोर पान ठेवलं. त्यांनी सगळं वाचलं, शांतपणे. मग ड्रॉवरमधून विद्यापीठाचा गुणतक्ता काढला. पाठीची काळजी — एकूण दहा गुण. त्यातले 'चोळणे, पाच मिनिटे' याला चार.

"तक्ता बदलायचा तर अर्ज, समिती, बैठक. दोन वर्षं धरून चाला. तोवर आपली मुलं दहात सहाच्या वर जाणार नाहीत. दुसऱ्या कॉलेजची मुलं पुढे जातील. त्यांच्या आईबापांना काय सांगू?"

पुरावा म्हणाली, परीक्षकांना समजावून सांगू. प्राचार्या नुसत्या हसल्या. परीक्षकांना मीही ओळखते. ते तक्त्यात बघतात आणि खूण करतात. पेशंटकडे बघायचं त्यांना गुणतक्त्यात लिहिलेलं नाही.

मग प्राचार्यांनीच मार्ग सुचवला: "दोन रकाने करा. डावीकडे परीक्षेची पद्धत, उजवीकडे वॉर्डची. मुलांना दोन्ही कळेल. कुणाचंच नुकसान नाही." दुष्ट बाई नाहीत त्या. मुलांचे गुण हे त्यांच्या दृष्टीने खरोखरच मुलांचं आयुष्य आहे. आणि खरं सांगायचं तर ऐकताना माझ्या छातीवरचा दगड उतरला. बाईंचं पानही राहील, नवंही येईल.

बाहेर आल्यावर पुरावाला विचारलं, "काय वाटतं?" म्हणाली, "तुम्ही ठरवा, मॅडम." पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही.

२८ जून, शुक्रवार

रकाने आखले आणि गंमत बघा — एकदा डावा रकाना असला की त्यात टाकायला किती निघतं! बसायला रबरी रिंग द्यायची: परीक्षेत दोन गुण, वॉर्डात बंद, तीही कडेने रक्त अडवते. डावीकडे. श्वास तीस सेकंद मोजून दुप्पट करायचा: तक्त्यात चालतो. डावीकडे. पूर्ण मिनिट उजवीकडे. वाद घालायला नको, कुणाला दुखवायला नको. दिवसभरात अकरा कौशल्यं दुहेरी झाली. अशा वेगाने आठवड्यात फाइल पुरी होईल.

पुरावा मी सांगेन ते तसंच टाइप करते.

३० जून, रविवार

आजही बाईंकडे गेले नाही. तिसरा रविवार. पण आज दुपारी यांना सांगितलं. सगळं. लाल डाग, सहा वेळा, कागदात काय आहे ते.

हे कपडे घड्या करत होते. ऐकताना घडी थांबली नाही. मी संपवलं तेव्हा हातात एकच टॉवेल होता, त्याची घडी तीनदा उलगडून तीनदा घातली. मग म्हणाले, "तू चोळायचीस तेव्हा तिला कुशीवर धरून कोण ठेवायचं?"

तेच धरायचे. मी विसरलेच होते. आई कण्हत आपलं डोकं यांच्या मनगटावर टेकवायच्या.

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं? ते म्हणाले, "तुला तरी काय माहीत होतं?" आणि आत जाऊन पडले. संध्याकाळी दोघं चालायला गेलो. परत येताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. वजन काहीच नव्हतं तिच्यात.

सांगितलं ते चुकलं का? मला हलकं वाटतंय आणि त्यांना जड. वाटणी झाली म्हणायची.

२ जुलै, मंगळवार

दोन रकाने वर्गात चालवून बघितले. मुलांनी पटापट वहीत रेघ मारली. मला वाटलं होतं गोंधळतील. छे! त्यांना हे नवीन नाही, शाळेपासून एक परीक्षेसाठी आणि एक खरं, असंच चाललंय. एकाने मान वर न करता विचारलं, "मॅडम, डावीकडचंच पाठ करायचं ना?"

श्वासवालीचे आजोबा बरे आहेत. लाली गेली! तिने ते सांगितलं आणि मग दोन्ही रकान्यांवर बोट ठेवून म्हणाली, "यातलं खरं कुठलं?"

"उजवीकडचं."

"मग डावीकडचं तुम्ही दाखवताना आम्ही काय करायचं?"

घंटा झाली. घंटेचे उपकार.

५ जुलै, शुक्रवार

फाइल दिली! मुदतीच्या दिवशी, दुपारच्या आत. एकशे बावन्न पानं, छान बांधणी. प्राचार्या खूश. "म्हणूनच म्हणते, तुमच्याशिवाय कोण करणार?" सोमवारी सही करून विद्यापीठाकडे पाठवणार.

पुरावाने तयार करणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव घातलं नाही. विचारलं तर म्हणाली, जागा पुरली नाही. भरपूर जागा होती.

या रविवारी बाईंकडे जायचंच. प्रत घेऊन जाईन. त्यांचं पान डावीकडे का होईना, जसंच्या तसं आहे. दाखवायला लाज नाही.

७ जुलै, रविवार

भाचीने उशा लावून बसवलं. बाईंनी पाठीचं पान काढायला लावलं आणि भिंग घेऊन वाचलं. डावा रकाना, मग उजवा. फार वेळ.

"ही दोन रकान्यांची युक्ती कुणाची?"

"प्राचार्यांची. आणि माझी."

"माझी आहे ती," बाई म्हणाल्या. "मी कागदावर आणली नाही एवढंच."

त्यांच्या वॉर्डात कुणी चोळतच नसे. चोळलेल्या पाठी लवकर फुटतात हे त्यांनी बघून बघून ओळखलं होतं. लाल दिसलं की त्या नुसती कूस बदलायला लावायच्या. वर्गात मात्र पाच मिनिटं स्पिरिट, कारण गुण त्याला होते. "ज्या माझ्या वॉर्डात यायच्या, त्यांना मी तिथे खरं सांगायचे."

मी विचारलं, केव्हापासून?

"तू यायच्या आधीपासून गं."

आमच्या तुकडीला बाईंचा वॉर्ड मिळाला नव्हता. आम्हाला फक्त वर्ग मिळाला.

उद्या प्राचार्यांची सही व्हायच्या आत फाइल परत घ्यायची.